हणमव्वेची पाठ

मंजूच्या घराच्या वरच्या खोलीचं कुलूप उघडायची एक रीत आहे. किल्ली घालून थोडी मागे ओढायची, दाराला खांदा लावायचा आणि मगच फिरवायची. खालून मंजू ओरडत होता, "थांब कणे, तुला नाही जमायचं ते, मी येतो." तोवर दार उघडलंसुद्धा. डोकं पुष्कळ काही विसरलं असेल, खांदा विसरला नव्हता.

आत वास तोच. तापलेल्या पत्र्याचा, जुन्या पुठ्ठ्याचा आणि चुरमुरीत घालतात त्या कच्च्या कांद्याचा. कांद्याचा वास इतकी वर्षं राहत नाही हे मलाही कळतं. पण आला खरा. दाराशी उभी राहून मी तो पुरता घेतला आणि मग आत पाऊल टाकलं.

मंजू म्हणजे मंजुनाथ. आमच्या म्हैसूरकडे हे पुरुषाचं नाव. पुण्याकडचे पाहुणे दरवेळी फसतात. आमच्यासारखंच त्याचंही घराणं मराठी, कधीकाळी म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत चाकरीला आलेलं. आता त्या घराण्यांतली माणसं बँकांत, शाळांत आणि ऑफिसांत बसतात, आणि घरी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलतात; मंजूचं ते 'कणे' म्हणजे आपलं 'गं'. मंजू आणि मी एका कॉलेजात होतो. त्याने येलवालला नवं घर बांधलंय, कुवेंपुनगरचं हे जुनं घर विकायला काढलंय, आणि "वरचं सामान बघून घे, तुझं असेल ते ने," असा त्याचा फोन आला होता. मी सामानासाठी गेले. शिवाय मला त्याला एक गोष्ट विचारायची होती. मी विचारली, त्याने हसत हसत उत्तर दिलं, आणि त्या उत्तराने माझं डोकं असं फिरलं की आज हे लिहायला बसले आहे. पण ते उत्तर जरा थांबू दे. आधी रविवार.

रविवारी जेवणं उरकली की आम्ही चौघं इथे जमायचो. मंजू, मी, विनय आणि सुमा. चौघांनाही नुकत्याच नोकऱ्या लागलेल्या, आणि चौघांनाही त्या आवडत नव्हत्या. मंजूच्या आई, आमच्या आंटी, जिन्याखालून हाक मारायच्या आणि विनय जाऊन चुरमुरीची परात वर आणायचा. शेजारच्या घरात कुणीतरी वीणा शिकत असे. तीच ओळ, पुन्हा पुन्हा, एकाच जागी अडखळणारी. उन्हाळ्यात पत्रा तडतडायचा. आषाढात वारा असा सुटायचा की कागदांवर कॉफीचे पेले ठेवावे लागायचे, आणि पेल्यांचे गोल डाग नकाशावर उमटले की मंजू त्यांना तळी म्हणून खेळात घेऊन टाकायचा. थंडीत आंटी अंगणात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसायच्या, त्यांचा तो ओशट हिरवा वास जिन्याने वर यायचा. अजूनही बाजारात अवरे आली की मला रविवार असल्यासारखं वाटतं.

खेळ साधा होता, आणि दुसऱ्याला सांगायला गेलं तर वेडेपणाचा. एकाने गोष्ट सांगायची. त्याला मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. जंगलं, किल्ले, राक्षस, सगळं तोंडी. मारायचं, पळायचं, दार फोडायचं, काहीही करायचं झालं तर ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. आमचे फासे सगळ्यांसमोर पडायचे. मास्टरचे मात्र पडद्यामागे, आणि राक्षसाच्या अंगात किती जीव उरलाय हेही त्यालाच ठाऊक. आमचा मास्टर मंजू. पडदा त्याने जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे जोडून केला होता. आमच्या बाजूला चामुंडी देवी होती, त्याच्या बाजूला काय होतं ते आम्ही कधी पाहिलं नाही. पाहायचं नसतंच ते. सगळा खेळ त्या एका विश्वासावर उभा असतो.

विनय तलवारवाला झाला, सुमा जादूगारीण. मी झाले हणमव्वा. हणमव्वेच्या हातात काही नाही. तलवार नाही, काठी नाही, मंतरलेली अंगठी नाही. दोन हात, दोन पाय आणि घट्ट बांधलेला बुचडा. "अय्यो, हिला काहीतरी दे की," सुमा पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी म्हटलं, काही नको. ती रिकाम्या हाताने लढेल.

हणमव्वा मला कुठून सुचली ते सांगते. अग्रहारात, म्हैसूरच्या जुन्या वस्तीत, आमच्या घरामागच्या गल्लीत गरडी होती. गरडी म्हणजे आपली तालीम. तिचं दार इतकं बुटकं की कितीही मोठ्या पैलवानाला वाकूनच आत शिरावं लागे, आणि आत पायऱ्या उतरून लाल माती. तेल, हळद, ताक घालून मळलेली. पहाटे अप्पांचं, माझ्या वडिलांचं, बोट धरून मी जायची ती दारापर्यंत. मुलींनी मातीत उतरायचं नाही. मी उंबऱ्याबाहेर उकिडवी बसायची आणि मान वाकडी करून आत बघायची. त्या बुटक्या दारातून मला चेहरे कधी दिसले नाहीत, फक्त पाय आणि पाठी दिसायच्या. कोण कुणावर भारी पडतंय ते मी पाठींवरून ओळखायला शिकले होते. आणि बसल्या बसल्या माझ्या हातांच्या आपोआप मुठी वळायच्या. त्या मुठींचं पुढे काय करायचं, हे मला मंजूच्या त्या खोलीत येईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

अप्पा स्वतः कुस्ती खेळत नव्हते. ते फक्त माती खणून, मळून द्यायला जायचे. कुस्ती झाली की चीत झालेला गडी उठून जिंकलेल्याकडे पाठ करून उभा राहायचा, आणि जिंकलेला त्याच्या पाठीवरची माती झाडायचा. हळुवार वगैरे नाही. चांगली फटाफट. ती लाल धूळ दारातून बाहेर माझ्या नाकात यायची. ही आमच्या गरडीची रीत. मी विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "आपली पाठ आपल्याला पुसता येत नाही, पुट्टी. ज्याने लावली त्यानेच पुसायची." पुट्टी म्हणजे छोटी. मी चांगली उंच झाले तरी मी पुट्टीच होते.

आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे एक चांदीची गदा पडलेली असायची, वीतभर. अप्पांनी तरुणपणी दसऱ्याच्या कुस्तीत जिंकलेली. दुसऱ्या घरात ती काचेच्या कपाटात गेली असती, शेजारी फोटो लागला असता. आमच्याकडे आई घाईच्या वेळी तिने लसूण ठेचायची आणि अप्पा बघत असून काही म्हणायचे नाहीत. एकदाच, मी फारच मागे लागले तेव्हा, बोलले. "समोरचा पडला नाही. बसला. पडणाऱ्या माणसाचं अंग हाताला जड लागतं. त्याचं हलकं लागलं." दोन्ही गरड्यांच्या मोठ्यांनी आपसात ठरवलं होतं, आपला पोरगा आहे, त्याला जिंकू दे. सगळ्यांना ठाऊक होतं, एक अप्पा सोडून. "ती गदा माझी नव्हे," ते म्हणाले. त्यानंतर ते लंगोट लावून मातीत उतरले नाहीत.

असल्या ठरवलेल्या कुस्तीला नूरा कुस्ती म्हणतात. आमच्या घरात शिव्या फार नव्हत्या, ही एक होती. पाहुण्याने पुचाट भाजीचं तोंडभरून कौतुक केलं की तो गेल्यावर अप्पा म्हणायचे, नूरा. मास्तरांनी मला उगीच दोन मार्क वाढवून दिले तेव्हाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला मार्क कमी करून आणायला पाठवलं.

तर हणमव्वा. पहिल्या काही महिन्यांत तिची दैना झाली. त्या खेळाची गंमत अशी की जसजसं पुढे जावं तसतसं प्रत्येकाला काही ना काही सापडतं. कुठे जळती तलवार, कुठे मंतरलेली ढाल. विनयला दर गुहेत काहीतरी मिळायचं. रिकाम्या हाताच्या माणसाला काय मिळणार? मूठ ती मूठच. राक्षस मोठे होत गेले आणि हणमव्वा होती तेवढीच राहिली. दोनदा ती मरता मरता सुमाच्या जादूने वाचली. मला ते मुळीच आवडलं नाही.

मग शनिवारीही मी इथे यायला लागले, एकटी. मंजू आणि मी, समोर कोरे कागद. हणमव्वेला इतरांच्या बरोबरीला कसं आणायचं? पहिल्यांदा आम्ही तिला मंतरलेली तांब्याची कडी दिली. अर्ध्या तासात मीच ती काढून टाकली. "ही तर तलवारच झाली की, मनगटात घातलेली." मग तिला एका दमात पुष्कळ ठोसे मारू दिले. त्या रविवारी ती मारतच सुटली, विनय चुरमुरी खात बसला आणि सुमा जांभई देऊन म्हणाली, "मी घरी जाते, ही एकटीच संपवेल." ठोसे कमी केले तर पुन्हा दैना. एक पारडं उचललं की दुसरं आपटायचं. आंटी कॉफी घेऊन वर यायच्या, आम्हा दोघांची डोकी कागदात बघून पेले ठेवून जायच्या.

उत्तर मला गरडीच्या दारात सापडलं. अप्पांना आणायला गेले होते, आत दोन पाठी एकमेकींत अडकलेल्या. अप्पा म्हणाले, "पकड लागली की मोठा काय नि लहान काय." मी तशीच सिटी बस धरून कुवेंपुनगरला आले. "मंजू, तिला मोठं करायचंच नाही. हणमव्वेची पकड लागली की समोरच्याला हत्यार चालवता येणार नाही, पंख नाही, आग नाही. त्यालाच रिकाम्या हातावर आणायचं." मंजूने कागद पुढे ओढला. मग फासे घेतले आणि दुपारभर खोट्या लढाया लावत बसला. बाहेर वीणा अडखळत होती. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा तो म्हणाला, "आयतु. जमलं. आता सारखं झालं सगळं." नोकरीचा कॉल आला होता तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

त्याच दुपारी मी त्याला गदेची गोष्ट सांगितली. बाहेरच्या कुणाला ती मी पहिल्यांदाच सांगत होते. मंजूने चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि म्हणाला, "थू! असं कोण करतं? खेळायचं तर नीट खेळायचं." मला हे वाक्य शब्दाशब्दाने आठवतं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान दिसायचे, तेही आठवतं.

पुढची वर्षं हणमव्वेची. तिने दलदलीतला अजगर धरला, पुलावरचा पहारेकरी उलथवला, एका बोलक्या वाघाला मानगुटीला पकडून माफी मागायला लावली. गरडीची ती रीतही मी टेबलावर आणली होती. ज्याचा गडी त्या दिवशी पडेल त्याने उठून पाठ करून उभं राहायचं, आणि मंजूने, म्हणजे राक्षसाने, ती झाडायची. विनयची पाठ तर दर दोन-तीन रविवारी सडकून निघायची. "हळू रे, खरंच लागतंय!" तो ओरडायचा. सुमा आधीच किंचाळायची. माझ्या पाठीला हात कधी लागला नाही. एकदाही नाही. मला त्याचा केवढा ताठा होता म्हणून सांगू.

आणि मग घाटातला दगडी राक्षस. त्या दिवशी विनय पडला, सुमा पडली, दोघांच्या पाठी झाडून झाल्या. हणमव्वा एकटी उरली. मी फासा टाकला, पकड लागली. पुन्हा टाकला, जेमतेम टिकली. पडद्यामागे मंजूचे फासे खुळखुळले आणि थांबले. त्याने खाली पाहिलं. घसा खाकरला. आणि म्हणाला, "राक्षस गुडघ्यावर आला. डोंगर हलला. पडला तो." मी अशी किंचाळले की आंटी तशाच, ओल्या हाताने, जिना चढून वर आल्या. विनयने मला खुर्चीसकट उचललं. सुमा मंजूकडे बघून हसत होती. तेव्हा मला वाटलं, ती माझ्यासाठी हसतेय.

अप्पा गेले ते त्यानंतरच्या पावसाळ्यात. गरडीतला म्हातारा माणूस गेला की त्याच्या छातीवर तिथली मूठभर माती ठेवायची पद्धत होती. ती आणायला मुलगा जातो. माझा भाऊ परगावाहून निघाला होता, पोचला नव्हता. मी गेले. दारात दोन-चार जण होते, ते म्हणाले, भावाला येऊ दे. मी जागची हलले नाही. मनात एकच घोकत होते, हणमव्वेने रिकाम्या हाताने घाट मोकळा केला, मला एक मूठ माती मिळणार नाही? शेवटी आतल्या वस्तादांनी ओंजळभर माती कागदात बांधून बाहेर आणून दिली. मी आत पाऊल टाकलं नाही, कुणी टाक म्हणालंही नाही. पण माती मी आणली. अप्पांच्या छातीवर माझ्या हाताने ठेवली. त्या दिवसापासून आयुष्यात जिथे जिथे पाय लटपटले तिथे मी त्या दगडी राक्षसाची आठवण काढली. ती माझी एकुलती एक जिंकलेली कुस्ती होती.

रविवार कधी संपले ते सांगता येणार नाही. सुमा परदेशी गेली, विनय बेंगळुरूला. एका रविवारी कुणी आलं नाही, एवढंच.

आता ती विचारायची गोष्ट. माझ्या भावाची मुलगी, दिशा, कॉलेजात आहे आणि तिच्या मैत्रिणींनी हाच खेळ सुरू केलाय. मी उत्साहाने तिला हणमव्वा देऊन टाकली. पकडीचा नियम तासभर समजावला, अगदी अभिमानाने. गेल्या आठवड्यात तिचा फोन. "आत्या, तुझा रूल वर्क होत नाही गं. फर्स्ट फाइटलाच हणमव्वा औट. दुसरी बनवली, तीपण औट." मी म्हटलं, तुम्ही नीट खेळला नसाल. "नीटच खेळलो. आमची मास्टर सगळे डाइस ओपन टाकते. पकड लागतच नाही, आत्या." पोरीने जरा कीव केल्यासारखं म्हटलं ते मला झोंबलं. मी मनाशी म्हटलं, मंजूला विचारू, त्याला ठाऊक असेल यांचं काय चुकतंय.

मंजू वर आला तेव्हा मी पेटीतून फासे काढत होते. तो कोपऱ्यातली वायर गुंडाळायला लागला.

"मंजू, दिशा म्हणते आपला पकडीचा नियम चालत नाही."

"अय्यो, तो!" तो मनापासून हसला. "तो कधी चालत होता कणे?"

मला वाटलं थट्टा करतोय. "म्हणजे?"

"नोडु, हे बघ, कागदावर बरा वाटायचा. पण राक्षस जरा मोठा झाला की पकड लागत नव्हती. लागली तर सुटायची. हणमव्वा पहिल्या उन्हाळ्यातच गेली असती. मग मी थोडं अ‍ॅडजस्ट करायचो."

"काय अ‍ॅडजस्ट करायचास?"

"राक्षसाचा जीव. तू हाणलंस की मी जास्त वजा करायचो. माझा फासा चांगला पडला तर तुला वाईट सांगायचो. सुम्ने, उगीच थोडंसं."

"नेहमी?"

त्याने वायर खाली ठेवली. हसू अजून तोंडावर होतं, पण आता त्याचं त्यालाच ते जड होत होतं. "तू आठवडाभर त्या ऑफिसात कशी असायचीस, ठाऊक आहे काय तुला? रविवारी इथे येऊन हसायचीस. ती मेली असती तर तू आली असतीस?"

"घाटातला राक्षस?"

मंजूने वायर पुन्हा उचलली.

"विनयला ठाऊक होतं? सुमाला?"

"सगळ्यांना होतं. टेबलावर बसलेल्याला कळत नाही काय? कुणाला वाईट वाटलं नाही कणे. आम्हाला आवडायचं, तू जिंकलीस की."

आम्हाला. इतकी वर्षं मी समजत होते की आम्ही चौघं आहोत. ते तिघं होते, आणि एक मी होते, जिच्यासाठी ते खेळत होते. मला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त. मी किंचाळले होते. खुर्चीसकट वर गेले होते. सुमाचं ते हसू कुणासाठी होतं ते आता कळलं. आणि सगळ्यात खोल लागलं ते हे, की मी अप्पांची मुलगी. पाठ बघून कुस्ती ओळखणारी. राक्षस पडला नव्हता, बसला होता, आणि माझ्या हाताला ते कळलं नाही. क्षणभर मला गरडीचं दारही आठवलं. वस्तादांनी माती दिली ती मी उभी राहिले म्हणून, की बिचारी, तिला देऊन टाका म्हणून? आता कुणाला विचारणार?

"मी तुला गदेची गोष्ट सांगितली होती," मी म्हटलं. "ह्याच खोलीत. तू थू म्हणालास."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं, मंजू?"

त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागला. तेच लहान डोळे.

मी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले. "बस. घाटातला राक्षस घे. पहिल्यापासून."

"बेडा कणे. नको. कशाला? ती मरेल."

"मरू दे. बस."

तो बसला. सवयीने त्याने पडदा उचलून आपल्यासमोर उभा केला. मी हात लांब करून तो घेतला, मिटला आणि जमिनीवर ठेवला. तेव्हा त्याची बाजू मला पहिल्यांदा दिसली. कोरा पुठ्ठा होता. एका कोपऱ्यात कॉफीचा डाग, बाकी काही नाही.

राक्षसाचा खरा जीव त्याला अजून आठवत होता. त्याने तो मोठ्याने सांगितला. इतका जीव घाटात कधी नव्हताच. मी फासा टाकला. पकड लागली. मंजूने चमकून माझ्याकडे पाहिलं, मला वाटतं त्यालाही आशा वाटली. मग त्याचा फासा पडला, उघड्यावर, दोघांच्या डोळ्यांसमोर, आणि पकड सुटली. पुढचा माझा फासा वाईट, त्याचा चांगला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि आकडा जसाच्या तसा वाचला. इतकी वर्षं हणमव्वा लढली, पण मला भीती कधी वाटली नव्हती. ती आज वाटली. खाली रस्त्यावर एक ऑटो थांबली, कुणीतरी भाड्यावरून कन्नडमध्ये वाद घातला, ती गेली. मी पुन्हा टाकला. पुन्हा. पकड काही लागली नाही. शेवटचा फासा टेबलाच्या कडेपर्यंत गडगडत गेला आणि थांबला. मंजू हलक्या आवाजात म्हणाला, "गेली."

हणमव्वा घाटात मेली. चीत, पाठ जमिनीला पुरती टेकून.

"बघ," मंजू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ह्यासाठीच मी..."

"रीत कर," मी म्हटलं.

मी उठले आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. समोर खिडकी, खिडकीत शेजारच्या घराची गच्ची, वाळत घातलेल्या चादरी. मागे त्याची खुर्ची सरकली. तो जवळ आला. त्याचा हात माझ्या पाठीवर टेकला, आणि इतका हलका की जणू काचेचं भांडं पुसतोय. एकदा फिरला. थांबला.

"विनयची अशी झाडायचास?" मी विचारलं.

हात तसाच राहिला. मी वाट पाहिली. पत्रा वर तडतडत होता, आणि मी मनात म्हणत होते, हाण, मंजू, एकदा तरी नीट हाण. पण तो हात हळूच पाठीवरून निघाला आणि मागून आवाज आला, "नाही होत कणे माझ्याच्याने."

मी फासे पेटीत भरले नाहीत. पडदाही घेतला नाही. त्या खोलीत माझं म्हणून न्यायचं काही उरलं नव्हतं, एक सोडून. दाराला खांदा लावून मी ते ओढून घेतलं आणि जिना उतरले. आंटींच्या रिकाम्या अंगणात ऊन पडलं होतं. पाठ न पुसलेली, तशीच. पण ही हार माझी होती.